वाटी रिकामी पाठवा

"वहिनी, वाटी रिकामी पाठवा!"

पाळकसाहेब एरवी हळू बोलायचे, पण हे एक वाक्य ते अंगणाच्या त्या टोकावरून ओरडून म्हणायचे. 'ऐकू आलं नाही' म्हणायची सोय आईला राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आईसुद्धा स्वयंपाकघरातून तितक्याच ठसक्यात उत्तर द्यायची, "ऐकू येऊन राहिलं जी मला, बहिरी नाही मी." मग त्यांची वाटी घासूनपुसून, तिच्यात दोन चमचे साखर घालून माझ्या हातात द्यायची. "जा, देऊन ये. काही बोलले तर ऐकू नको."

कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे आपल्याकडे मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही. घरात काही नसलं तर साखर घालावी, साखर नसली तर चार दाणे तांदूळ. पण आईच्या बाबतीत हा नुसता रिवाज नव्हता, हट्ट होता. राज्यांची फेररचना झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, हायकोर्ट जबलपूरला हललं, आणि तिथल्या नोकरीमुळे बाबा आणि त्यांच्यामागून आम्ही जबलपूरला येऊन पडलो. आजूबाजूला सगळी हिंदी. भाजीवाल्याशी भांडायचं तरी आईला आधी वाक्य मनात जुळवावं लागे. अशा ठिकाणी तिने एक गाठ मारून ठेवली होती. परक्या गावात कोणाचं मिंधं राहायचं नाही.

आणि नेमका शेजार लाभला पाळकसाहेबांचा. घरमालक मझौलीला शेती सांभाळून असत, दिवाळीला तेवढे उगवत. अंगणाच्या एका बाजूला आमच्या दोन खोल्या, दुसऱ्या बाजूला पाळकसाहेब आणि पाळकीणबाई, मधे एक नळ. तेही मूळचे नागपूरचे. आमच्यासारखीच बदली होऊन आलेली थोडी मराठी ख्रिस्ती घरं गावात होती, त्या मंडळीचे ते पाळक, म्हणजे पाद्री. हिंदी उपासना आटोपली की दुपारी त्याच चर्चमध्ये यांची मराठी उपासना भरायची. पाळकीणबाई सुगरण. काही ना काही करत आणि वाटीभर आमच्याकडे पाठवत. वाटी परत गेली की पाळकसाहेब तिच्यात डोकावत, मोठा सुस्कारा टाकत, ती साखर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओतून पुडी बांधत आणि संध्याकाळपर्यंत पुडी आमच्या खिडकीत आणून ठेवत. आई तीच साखर पुढच्या वाटीत घाले. किती वर्षं ती साखर त्या अंगणात येरझाऱ्या घालत होती, देव जाणे. पाळकीणबाई मात्र हळहळायच्या. साखर तेव्हा रेशनवर मिळायची. "घरात चहा बिनसाखरेचा, आणि हे पुड्या वाटून राहिले," असं त्या नळावर आईला सांगायच्या. या भांडणात त्या मनाने आईच्या बाजूच्या होत्या.

पाळकसाहेब उंच, काटकुळे, मे महिन्यातही अंगात काळा कोट. त्यांच्याकडे एक सायकल होती, पण तिच्यावर बसलेले ते क्वचितच दिसत. गाय घेऊन निघाल्यासारखे ते सायकल हातात धरून गावभर चालायचे. सायकलवर बसलं की माणसं भरकन मागे पडतात, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यात कोणी भेटलं की स्टँड लावायचे आणि बोलत उभे राहायचे. बाजाराला निघालेले पाळकसाहेब जेवायच्या वेळेला घरी पोचले असं मी तरी पाहिलं नाही.

बाबांशी त्यांचं चांगलं जमे. बाबा सज्जन आणि सगळ्यांशी गोड बोलणारे. एकदा ओसरीवर बसून ते म्हणाले, "येशू म्हणजे मोठे संतच हो. आमचेच म्हणा नं." दुसरा कोणी पाळक असता तर खूश झाला असता. हे कोटाची बटणं लावत उभेच राहिले. "नाही साहेब. संत म्हणून नका खपवू त्याला. संत चांगल्या माणसांना आवडतात. याला चांगल्या माणसांनीच मारलं. देवळात जाणारी, उपास करणारी, तुमच्यामाझ्यासारखी माणसं होती ती." पाळकसाहेबांनी बसून उरलेला चहा प्यायला.

बाबांनीही एकदा त्यांना पकडलं होतं. "तुम्ही ते सारखं तारण तारण म्हणता. आमच्या कचेरीत तारण म्हणजे गहाण टाकलेली वस्तू." पाळकसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवर थापच मारली. "तेच तर! गहाण पडलेली पाटली स्वतः उठून चालत घरी येते काय? नाही. सोडवायला मालकालाच जावं लागते. बरं, पाटली मालकाला ओळखते काय? तेही नाही. मालक तिला ओळखतो. बस्स, एवढ्यावर सगळं आहे." पुढच्या रविवारी ही पाटली उपदेशात आली. बाबांचं नाव घेतलं नाही, पण 'हायकोर्टातले एक विद्वान गृहस्थ' म्हटलं, त्यामुळे बाबा आठवडाभर ताठ मानेने चालत होते.

हे मला ठाऊक, कारण मी तिथे पेटीवर होते. त्यांचा पेटीवाला बदलून नागपूरला गेला. मी तेव्हा पेटी शिकत होते. एक दिवस पाळकसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, "पोरगी रविवारी द्या."

आई सावध झाली. "आम्ही त्यातले नाही जी."

"मला पेटी वाजवणारी पाहिजे, विश्वास ठेवणारी नको. विश्वास ठेवणारे आहेत माझ्याकडे. त्यांना सूर नाही."

आई हसली आणि फसली. त्या मंडळीत मी पुढे कितीतरी वर्षं पेटी वाजवली. मी ख्रिस्ती झाले नाही आणि त्यांनी मला तसं एकदाही विचारलं नाही. मीच एकदा म्हटलं, की तुम्ही मला उपदेश करत नाही. ते म्हणाले, "काहून? दर रविवारी पेटीमागे अडकून बसलेली असतेस. पळून जाशील तरी कुठं?"

त्यांचा उपदेश म्हणजे मंडळीला धाकच असे. आज कोणाच्या कोणत्या समजुतीचा पाय मोडणार, याचा नेम नसे. एका नाताळाला तरुण पोरांनी वर्गणी काढून बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या दुकानातून येशूची मोठी तसबीर आणली. गोरापान, निळे डोळे, सोनेरी केस, मऊ हात. पाळकसाहेबांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाले, "हा तर फर्स्ट क्लासचा पॅसेंजर दिसून राहिला. सुतारकाम करणाऱ्या माणसाचे हात असे असतात काय?" पोरं हिरमुसली. तसबीर भिंतीवर लागली खरी, पण तेव्हापासून लोक आधी तिचे हात बघत.

मझौलीच्या बाजारात ते उपदेश करायला जात, तिथलीही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. गर्दीतल्या एकाने विचारलं, "पादरी साहब, ईसाई बनने से क्या मिलेगा?" ते म्हणाले, "कुछ नहीं भैया. ऊपर से तकलीफ." बरोबर गेलेल्या पंचांनी कपाळाला हात लावला. पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे. परतताना त्यांनी पाळकसाहेबांना झापलं, तर हे म्हणाले, "गिऱ्हाईक करायला थोडीच गेलो होतो."

पण सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'कृपा' असा शब्द आहे. पाळकसाहेब कृपा म्हणायचेच नाहीत. ते म्हणायचे, 'फुकट'. देवाने फुकट दिलं, आपण फुकट घ्यायचं. लोकांना ते कानाला खुपायचं. या पंचांपैकी एक, सगळे त्यांना मामा म्हणत, ते एकदा उपासना संपल्यावर म्हणाले, "साहेब, कृपा म्हणा नं. फुकट म्हणजे कसं हलकं वाटते. आणि फुकट गेलं म्हणजे वाया गेलं."

"वा मामा! हेच पाहिजे होतं मला," पाळकसाहेब म्हणाले. "कृपा म्हटलं की तुम्ही मान डोलावता आणि घरी जाऊन पुन्हा पुण्य जमवायला लागता. फुकट म्हटलं की तुम्हाला लाज वाटते. लाज वाटली म्हणजे कळलं. फुकट घेतलं तरच ते फुकट जात नाही, मामा. किंमत द्यायला गेले की गेलं फुकट."

त्याच सुमारास ते एका रविवारी आमची वाटी घेऊन उपदेशाला उभे राहिले. म्हणजे त्यांचीच, पण आमच्याकडून आलेली, साखरेसकट. "आमच्या शेजारी एक बाई आहेत," त्यांनी सुरुवात केली, आणि मी पेटीमागे आणखी खाली सरकले. "फार स्वाभिमानी. त्या कधी वाटी रिकामी पाठवत नाहीत. आपण देवाशी हेच करतो. तो भरलेलं पातेलं देतो. आपण त्यात दोन चमचे साखर टाकून परत करतो. एक उपास, एक दान, थोडं रडणं. आणि म्हणतो, चलो, फिटलं. त्याला तुमची साखर नको आहे, बाबा. त्याला भांडं रिकामं पाहिजे. रिकामं असल्याशिवाय पुन्हा भरता येत नाही."

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईचा भडका उडाला. ती थेट नळावर गेली. "माझ्या साखरेचं तुमच्या चर्चमध्ये काय काम?"

"दृष्टांत दिला, वहिनी."

"दृष्टांत तुमच्या घरच्या वस्तूंचे द्या. आणि एक सांगून ठेवते. देवाचं मला माहीत नाही, पण माणसाचं मिंधं राहिलं की तो मान खाली घालायला लावतो."

पाळकसाहेब बादली भरत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "हे मात्र खरं आहे. माणसाचं तसंच आहे." आई जिंकली असं मला वाटलं. तिला तसं वाटलं नसावं, कारण त्या संध्याकाळी तिने भांडी फार आपटली.

आता कटनीवाल्याची गोष्ट. या माणसाचा मला आजही राग येतो, तो मी लपवणार नाही. मंडळीतलाच हा फिटर. बायको आणि दोन लेकरं टाकून कटनीला दुसरा संसार थाटून बसला होता. बायकोने शिलाई मशीनवर लेकरं वाढवली आणि त्यातच ती गेली. तिच्या मातीलाही हा आला नाही. ती बाई मामांची बहीण. लेकरं मामांनी आपल्या घरी नेली. आणि काही वर्षांनी हा माणूस परत आला, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसला, आणि पाळकसाहेबांना म्हणाला की मला प्रभुभोजन घ्यायचं आहे. प्रभुभोजन म्हणजे त्यांच्यातला पाव आणि द्राक्षरसाचा विधी. तो कोणीही घ्यायचा नसतो. आदल्या संध्याकाळी पंच पाळकसाहेबांच्या ओसरीवर जमत आणि कोण पात्र, कोण अपात्र, हे ठरवत. आई आमच्या ओसरीत तांदूळ निवडायला बसे. त्या दिवशी तेच तांदूळ तिने पुन्हा पुन्हा निवडले.

"साहेब, तो पात्र नाही," मामा म्हणाले.

"नाहीच."

"मग?"

"मग त्याच्यासाठीच आहे नं ते. तुम्ही काय समजून राहिले, बक्षीस आहे? पहिला नंबर आला त्याला?"

मामांचा आवाज चढला. "माझी बहीण मशीन चालवता चालवता गेली, साहेब. आणि तुम्ही याला फुकटात..."

"फुकटातच. विकत असतं तर त्याला परवडलं नसतं." मग पाळकसाहेब म्हणाले, "मामा, तुम्हालाही नसतं परवडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आईने त्यांना अडवलं. "हे काही बरं नाही, पाळकसाहेब. बायकोला वाऱ्यावर टाकून मारायचं आणि मग इथं येऊन पाव खायचा?"

"बरं कुठं आहे, वहिनी? त्या लेकरांचे पाय त्याला जन्मभर धरायचे आहेत. त्यात मी एवढीशीही सूट देणार नाही, सांगितलं आहे त्याला. पण जेवण तोडून कोणी माणूस सुधारला, असं तुम्ही पाहिलं काय?"

"मी त्याला दारात उभं नसतं केलं."

"मीही नसतं केलं," पाळकसाहेब म्हणाले. "मेज माझं नाही, प्रभूचं आहे, म्हणून करून राहिलो."

त्या दुपारी चर्च गच्च भरलं होतं. पाव कापून ताटात झाकलेला, मनुका उकळून पाळकीणबाईंनी केलेला रस छोट्या काचेच्या पेल्यांमध्ये. पाळकसाहेब मेजामागे उभे राहिले. "ज्याला वाटते मी पात्र आहे, त्याने हात वर करावा."

कोणी हलेना. मग मामांनी हात वर केला. त्यांच्यासारखा सरळ माणूस, खोटं कशाला बोलेल? त्यांनी सगळं आयुष्य नीट काढलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. पाळकसाहेब खाली उतरून त्यांच्याजवळ गेले, त्यांचा तो वर केलेला हात दोन्ही हातांत धरला. "मामा, या मंडळीत तुमच्याएवढा चांगला माणूस नाही. मीही नाही. पण हे मेज पोट भरलेल्यांसाठी नाही आहे."

मामा उठले, दोन्ही लेकरांचे हात धरले आणि निघून गेले. मागच्या बाकावरून कटनीवालाही उठला. पाळकसाहेब ओरडले, "तू बैस खाली! तू गेला तर मी इथं कोणासाठी उभा आहे?" मग त्यांनी पावावरचं फडकं नीट केलं. "मामा येतपर्यंत जेवण नाही. कोणालाच नाही. मलाही नाही."

आणि खरंच ते मेज त्यांनी पुन्हा मांडलं नाही. मंडळीत कुजबुज झाली, मग आरडाओरडा झाला, वरपर्यंत तक्रार गेली. नोकरी जाईल असं लोक बोलू लागले. निम्मी घरं हिंदी उपासनेला जायला लागली. रिकाम्या बाकांसमोर मी पेटी वाजवायची आणि ते, समोर गाव जमल्यासारखे, उपदेश करायचे. उपासना संपली की सायकल हातात धरून चालत महाराजपूरला जायचे. मामांचं घर तिकडे, गावाबाहेर. मामा दार उघडत नसत. हे पायरीवर बसायचे. मामी बिचारी आतून चहा पाठवायची, तो पिऊन, लेकरांशी गप्पा मारून परत यायचे. पाळकीणबाई म्हणायच्या, "अहो, लोक हसून राहिले." ते म्हणायचे, "हसू दे. एक बाहेर होता तेव्हा मी त्याला शोधायला कटनीला गेलो नाही. आता हा बाहेर आहे, त्याच्याकडे तरी जाऊ दे."

उन्हाळा गेला, दसरा-दिवाळी झाली, मटारचे दिवस आले. त्या दिवशी ते पायरीवर बसून मामांच्या भाचरांबरोबर मटार सोलत होते. दार उघडलं. मामा बाहेर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, मी त्याला माफ नाही करू शकत. लय कोशिश केली. जमत नाही मला. खोटं कायले बोलू?"

हे पुढे मामांनीच आम्हाला सांगितलं. पाळकसाहेबांच्या मांडीवरचे मटार सगळे सांडले, असे ते उठले. "अच्छा! म्हणजे आता तुम्हीही अपात्र! चलो मामा, या जेवायला. माफ न करताच या."

मामा आले. मला वाटलं होतं, दोघं गळ्यात पडतील, रडतील. तसं काही झालं नाही. एका बाकाच्या या टोकाला मामा, त्या टोकाला कटनीवाला. दोघांनी एकाच ताटातला पाव घेतला आणि दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले. कटनीवाल्याची मुलगी बापाशी बोलायला लागली ती पुष्कळ वर्षांनी, मुलगा तर बोललाच नाही. पाळकसाहेबांना मी म्हटलं, मग काय उपयोग झाला? ते म्हणाले, "उपयोग नाही झाला. जेवण झालं."

वर्षं गेली. माझं लग्न गावातच झालं, बाबा गेले, पेटी चालूच राहिली. पाळकसाहेब निवृत्त झाले, नागपूरहून नवे तरुण पाळक आले. पण म्हातारे दोघं त्याच अंगणात राहिले, आणि आईची साखरही तशीच जात-येत राहिली. मग ते विसरू लागले. आधी गीतांचे क्रमांक, मग माणसांची नावं. एकदा बड्या फुहाऱ्यावर सायकल धरून उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, "भैया, मैं कहाँ रहता हूँ?" कापडवाल्याने ओळखलं आणि घरी आणून सोडलं. वाटी रिकामी पाठवा, असं ओरडणं बंद झालं. आई वाटी द्यायला जायची तेव्हा दारात जरा घुटमळायची.

एक दिवस पाळकीणबाई नळावर बादली तशीच सोडून आईजवळ रडल्या. मीही होते. "काल मी यांच्याजवळ बसून येशूचं नाव घेतलं, तर म्हणतात, 'तो कोण? आपल्या मंडळीतला काय?' आयुष्यभर ज्याच्यासाठी चपला झिजवल्या, त्याचंच नाव आठवत नाही. वहिनी, आता यांचं काय होईल हो?"

भीती खरी होती. इतकी वर्षं त्या माणसाने जे धरून ठेवलं होतं, ते हातातून सुटलं होतं. आता मरताना पाळकसाहेब कशाच्या भरवशावर जाणार?

आईने वाहता नळ बंद केला. मग म्हणाली, "आमच्या यांना ते पाटलीचं सांगितलं होतं पाळकसाहेबांनी, आठवते? पाटली मालकाला ओळखत नाही. मालक ओळखतो." एवढं बोलून तिने त्यांची बादली उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

पाळकीणबाईंची इच्छा होती, त्यांना घरीच प्रभुभोजन द्यावं. नवे पाळक अडखळले. भला माणूस होता, पण नियमाने चालणारा. "त्यांना काही समजून नाही राहिलं. माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी लागते. यांना कसं द्यायचं?" मामा तिथेच होते. म्हातारे झाले होते, काठी टेकत चालत. ते म्हणाले, "साहेब, नियम मला पाठ आहेत. मीही एकदा याच दारात हेच बोलून राहिलो होतो. चला, उशीर होते."

रविवारी दुपारी उपासना संपल्यावर ते आले. मामांच्या हातात पावाचं ताट, आणि पेल्यांचं तबक धरून मागे कटनीवाला, केस सगळे पांढरे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हतेच, पण दारातून आत येताना मामांचा पाय उंबऱ्याला लागला तेव्हा मागच्याने कोपर धरलं आणि मामांनी धरू दिलं. मी पेटी आणली होती. आई दारात उभी होती, हातात सकाळची वाटी. पाळकीणबाईंनी शिरा पाठवला होता, ती वाटी परत करायला आली होती, नेहमीसारखी साखर घालून.

पाळकसाहेब खुर्चीत, अंगात तोच काळा कोट. पाव दिला, तो त्यांनी लहान मुलासारखा खाल्ला. कटनीवाल्याने पेला त्यांच्या हातात दिला. ते प्यायले. तो पेला परत घ्यायला वाकला, तर त्यांनी तो छातीशी धरला.

"रिकामा कसा देऊ?" ते म्हणाले. "आई रागावेल माझी."

ते कोटाचे खिसे चाचपू लागले. एक खिसा, दुसरा, आतला. पुडी शोधत होते. आयुष्यभर ज्या सवयीशी भांडले, तीच तेवढी त्यांच्याकडे उरली होती. खिशात काही सापडेना, तसे ते कासावीस झाले. पाळकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मग त्यांची नजर दाराकडे गेली, आईच्या हातातल्या वाटीवर. साखर दिसली. त्यांचा चेहरा उजळला आणि चिमूट मागायला त्यांनी हात पुढे केला.

आम्ही सगळे आईकडे बघत होतो. देईल असंच मला वाटलं. एक चिमूटभर साखर, त्या म्हाताऱ्याचं समाधान, आणि तिच्या जन्मभराच्या हट्टाचा विजय. आई पुढे आली. तिने वाटी पदराने झाकली.

"नाही, पाळकसाहेब. रिकामाच द्या."

"रिकामा?"

"रिकामा. फुकट आहे ते."

"फुकट," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "फुकट." बोटं हळूहळू सैल झाली, आणि कटनीवाल्याने पेला काढून घेतला. नव्या पाळकांनी प्रार्थना केली, मी पेटी वाजवली. काय वाजवलं ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर आईने वाटीतली साखर आमच्या डब्यात ओतली. वाटी विसळली, पुसली आणि माझ्या हातात दिली. "जा, देऊन ये."

"रिकामी?"

"ऐकू नाही येऊन राहिलं तुला?"

मी अंगण ओलांडून गेले. पाळकीणबाईंनी वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत वळून मोठ्याने म्हणाल्या, "अहो! वहिनींनी वाटी रिकामी पाठवली!"

"कोण वहिनी?" पाळकसाहेब म्हणाले.

त्यांनी वाटी हातात घेतली. आत बघितलं. उलटी करून तळहातावर दोनदा झटकली. काही पडलं नाही. तेव्हा मात्र ते हसले.